कोथिंबीर सर्वथा वर्ज्य करावी

ता. २१ नोव्हेंबर १८९६, शनिवार

पुन्हा आमटीत! आणि आज तर वरून पेरलेली. ताट पुढे आले त्याआधी वास आला. ढेकूण चिरडल्यावर बोटाला जो वास येतो ना, तोच. लोक त्याला सुवास म्हणतात. लहानपणापासून मला कळलेले नाही — त्यांचे नाक वेगळे की माझे?

आई होती तोवर कोथिंबीर उंबऱ्याच्या आत आली नाही. "माझ्या रघूला चालत नाही," एवढे तिचे म्हणणे पुरे असे. तुळसावहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिलाही पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवले. ती थळची, वाडीत वाढलेली. माहेरी परसात कोथिंबिरीचे वाफे. तरी इतकी वर्षे तिने एक अक्षर काढले नाही. आई गेल्यावरही नाही.

आता तिला डोहाळे लागले आहेत, आणि तेही कोथिंबिरीचेच. चिंच नाही, कैरी नाही, भाजलेली माती नाही — कोथिंबीर! दादा म्हणाला, "चार महिने सोस रे रघ्या. बाजूला सार आणि जेव." पाने बाजूला सारता येतील. वास कुठे सारू?

भातावर मीठ घेऊन जेवलो.  माझ्या वाटीतली आमटी वहिनीने स्वतःच्या वाटीत ओतून घेतली, आणि पाठ फिरवून प्यायली.

ता. २४, मंगळवार

शेजारच्या गुणवंतीकाकू दारात लसूण सोलत होत्या. बोलत होत्या वहिनीशी, पण आवाज माझ्यासाठी लावलेला.

"डोहाळे मारले की पोराचा कान फुटतो बाई. आमच्या नणंदेच्या पोराचा अजून वाहतो. आणि तुझी तर आधीची दोन गेली! आता तिसऱ्याला तरी घरच्यांनी जपावं. नाकं नंतर जपता येतील."

वहिनी म्हणाली, "भावजी काही बोलत नाहीत हो."

खरेच आहे. मी काही बोलत नाही. जेवत नाही, एवढेच.

ता. २९, रविवार

सकाळी मीराबाई माळीण आली. दादरच्या मळ्यातून डोक्यावर पाटी घेऊन ती थेट ठाकूरद्वारापर्यंत येते. मी नळावरून येत होतो. पाटीजवळून जाताना मी श्वास धरतो, ही माझी जुनी सवय. तिच्या नजरेतून ती सुटत नाही.

"काय रे रघू, माझ्या पाटीत काय मढं झाकलंय?"

बायका हसल्या. वहिनीही हसली, मग माझ्याकडे पाहून थांबली. तिने एक जुडी उचलली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले. देवळातही मी तिला इतकी शांत पाहिलेली नाही. मला त्या जुडीचा राग आला. कसला तो नीटसा सांगता येत नाही.

दुपारी माझे अंथरूण उन्हात घालून उलटसुलट झाडले. ढेकूण एकही नाही. वास मात्र होता. माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी होती, तिचा.

ता. २ डिसेंबर, बुधवार

मांडवीकडचा गाठीचा ताप आता आपल्याकडेही आला म्हणतात. समोरच्या चाळीतली तीन बिऱ्हाडे गावी गेली. मी अक्षरांचे खिळे जुळवतो त्या छापखान्यात निम्मे कामगार नाहीत.

ता. ५, शनिवार

आज जे केले ते लिहून ठेवतो. लिहिले म्हणजे मन स्वच्छ होईल.

कोणा धर्मशील व्यापाऱ्याने फुकट वाटण्यासाठी एक पत्रक छापायला दिले आहे — गाठीच्या तापापासून कसे जपावे. मजकूर एका वैद्याचा. एकंदर नऊ कलमे. सातवे कलम: "ओला पाला कच्चा खाऊ नये." खिळे मीच जुळवले. सगळे जुळवून चौकटीत बसवले तर पान एका ओळीने तोकडे! अशा वेळी तळाला वेलबुट्टी घालायची असते. पण वेलबुट्टीचे खिळे लग्नपत्रिकांत झिजून गेलेले. मालक शरच्चंद्रपंत जाता जाता म्हणाले, "पोकळ दिसतंय रे. भर काहीतरी."

मी भरले. सातव्या कलमाला जोडून एक ओळ घातली: "विशेषतः कोथिंबीर सर्वथा वर्ज्य करावी."

ओळ अशी चपखल बसली की शब्दांमधल्या पट्ट्या बदलाव्या लागल्या नाहीत. ऱ्हस्वदीर्घ निर्दोष. पंतांनी प्रूफ पाहिले तेव्हा त्यांचा चष्मा कपाळावर होता. म्हणाले, "छान. जाऊ दे यंत्रावर."

मी मराठी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस. वैद्याच्या मजकुरात हात घालायचा मला काय अधिकार? — पण कोथिंबीर हा ओला पालाच की! मी त्यात खोटे काय घातले?

मन स्वच्छ झाले नाही.

ता. ८, मंगळवार

पत्रक चाळीत पोचले. जिन्याच्या भिंतीला कोणी खळीने चिकटवले आहे. संध्याकाळी घरी आलो तर वहिनीच्या हातातही एक. तिला अक्षरओळख नाही.

"भावजी, वाचा ना. गुणवंतीकाकूंच्या यजमानांनी वाचलं, पण ते अडखळतात. तुम्ही वाचलंत की बरोबर कळतं."

वाचले. पहिल्यापासून वाचले, म्हणजे सातवे वेगळे वाटू नये. सातव्याला आवाज खाली गेला असावा, कारण ती म्हणाली, "परत वाचा."

परत वाचले.

"सर्वथा म्हणजे?"

"म्हणजे मुळीच नाही."

ती पत्रकाकडे पाहत राहिली. मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "मी तर दसऱ्यापासून रोज खातेय. तुम्ही कामावर गेलात की मूठ-मूठ नुसतीच."

मला वाटले होते, ती नाराज होईल, चार दिवस हळहळेल. ती घाबरेल, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

ता. ९, बुधवार

आमटी निर्मळ. दोनदा भात घेतला. वहिनी जेवली नाही.

ता. १३, रविवार

मीराबाई आली तेव्हा वरच्या मजल्यावरून कोणी ओरडले, "आली बघा रोग घेऊन!" ती गोंधळली. तिला काहीच ठाऊक नव्हते. दोघे पुढे झाले, पाटी ओढून गटारात पालथी केली. मेथी, मुळे, सगळे गेले. कोथिंबिरीच्या जुड्या काळ्या पाण्यावर तरंगत राहिल्या.

"अरे मेल्यांनो, गेल्या खेपेला हीच खाल्लीत ना चटणी करून!" ती ओरडत होती. "तेव्हा नाही मेलात ते?"

"छापून आलंय बाई," गुणवंतीकाकू वरून म्हणाल्या. त्यांचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. "आम्ही काय करणार? छापून आलंय."

मी जिन्यात उभा होतो. चार पायऱ्या उतरलो असतो तर पुरे होते. उतरलो नाही. मीराबाईने रिकामी पाटी उचलली, झटकली, आणि काखेत मारून गेली. डोक्यावर घेतली नाही.

ता. १९, शनिवार

छापखान्यात माझ्या शेजारच्या खणावर कुशाबा असतो. एरवी त्याची टवाळी चालू असते, आज हळू बोलला. ते पत्रक आता दुसऱ्या दोन छापखान्यांनी उतरवून घेतले आहे. परळच्या गिरण्यांच्या दारात वाटतात. गुजरातीतही निघाले. एकात तर "मोठमोठ्या डॉक्टरांचे मत" असे वर घातले आहे! कोथिंबिरीच्या देठात किडा असतो आणि तोच गाठ होतो, असे त्याची बायको सांगत होती.

"एका ओळीनं कोथिंबीर मारली बघ," कुशाबा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "खिळे परत खणात टाकताना मी मूळ कागद पाहिला होता. ती ओळ त्यात कुठं होती रे रघू?"

"पान तोकडं होतं."

"हां. पान तोकडं होतं." पुढे त्याने विचारले नाही. दिवसभर गुणगुणलाही नाही.

ता. २८, सोमवार

वहिनीने आधी पालेभाज्या सोडल्या. मग फळभाज्या — का, तर त्याच पाटीतून येतात. मग वाटण सोडले. पाट्यावर पूर्वी कोथिंबीर वाटलेली, म्हणून दादाने नवा पाटा आणला तरी नाही. आता पेज घेते, तीही अर्धी. सकाळ-संध्याकाळ काखा चाचपते. जांघेत गाठ आली का ते गुणवंतीकाकूंना पाहायला लावते. काही नाही. तरी म्हणते, "मला नसेल. आत पोराला झाली असेल."

दादा रात्रपाळीहून येतो, तिच्यापुढे पेजेचा वाडगा धरून बसतो आणि तसाच बसल्या बसल्या झोपतो.

ता. ३ जानेवारी १८९७, रविवार

सुईण येऊन गेली. बाहेर जिन्यात दादाला म्हणाली, "पोर हलतंय, पण जीव नाही हालण्यात. आईच खाईना तर त्यानं काय खावं? असंच चाललं तर मी काही सांगत नाही." दादाने तिला खाली रस्त्यापर्यंत पोचवले. वर आला तेव्हा तोंड धुऊन आला होता.

ताटात आमटी होती. निर्मळ. मला गिळवली नाही.

ता. ९, शनिवार

सांगितले! सगळे सांगितले. दादा घरात असतानाच सांगितले, म्हणजे नंतर माघार नको. ओळ माझी आहे. वैद्याची नाही, डॉक्टरची नाही. पान तोकडे होते आणि मला वास सोसत नव्हता, म्हणून घातली.

दादाने हात उगारला. मग तो हात तसाच भिंतीला लावून उभा राहिला.

पण वहिनी! वहिनी चक्क हसली. कितीतरी दिवसांनी हसली — थकलेले, समजुतीचे हसू. लहान मुलाने थाप मारली की मोठे हसतात तसे.

"भावजी, माझं मन राखायला एवढं पाप अंगावर घेऊ नका."

"अहो वहिनी, देवाशप्पथ मी—"

"छापलेलं खोटं कसं असेल? गुजरातीतही आलंय. काकूंच्या भावानं परळला वेगळंच बघितलं, मोठ्या कागदावर. ते सगळं तुम्हीच छापलंत होय?"

 माझी एक ओळ माझ्यापेक्षा मोठी झाली आहे. छापलेले खरे, आणि ते छापणारा माझ्यासारखा समोर येऊन बोलला तर तो खोटा.

दादा म्हणाला, "मी खातो तुझ्यासमोर. मग तर झालं?"

ती एकदम उठून बसली. "तुम्ही हात लावायचा नाही! दोन पोरं गेली माझी. तुम्हाला जाऊ द्यायची नाही."

मग मी म्हणालो, "मी खातो."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "तुम्ही? तुम्हाला तर वासानं ओकारी येते."

"म्हणून तर."

ता. १०, रविवार

बाजारात कोथिंबिरीचे पान नाही. भुलेश्वर पाहिले, भायखळा पाहिला. ट्रामने परळपर्यंत, पुढे चालत दादर. मळ्यात मीराबाई बांधावर बसली होती. वाफे वाढून फुलावर आलेले. निम्मे उपटून म्हशींपुढे टाकलेले.

"कोण? रघू?" तिने डोळ्यांवर हात धरला. "आता काय, मळाही पालथा करायला आलास?"

"एक जुडी हवी होती."

"तुला? का रे, ढेकूण मारायचेत?"

मी सांगायला तोंड उघडले. सगळे सांगणार होतो. तिने ऐकूनच घेतले नाही. वाफ्यात उतरली, कोवळी कोवळी निवडून उपटली, मुळांची माती झटकली. "तुळसासाठी ना? ने. तिला म्हणावं, मीराबाईची आहे, म्हशीसुद्धा मेल्या नाहीत."

ओळीचे सांगितले नाही. आजही नाही.

घरी येऊन पाटावर बसलो. वहिनी भिंतीला टेकून. दादा दारात, कोणी आत येऊ नये म्हणून. तिच्यासमोर धुतली — एकाच पाण्याने, कारण तिला धुतलेली चालेना आणि मला न धुतलेली. मग ती म्हणाली, "देठासकट. किडा देठात असतो म्हणतात."

अर्धी जुडी देठासकट खाल्ली. पहिला घास टाळूला लागला तसे डोळ्यांत पाणी आले. तोंडात ढेकणांचे अंथरूण झाडल्यासारखे! नाक धरू दिले नाही मी स्वतःला. चावली, गिळली, दुसरा घास घेतला. ओकलो असतो तर ती म्हणाली असती, बघा, अंगात राहत नाही. शेवटचा देठ खाल्ला आणि जीभ बाहेर काढून दाखवली, औषध घेतल्यावर आईला दाखवत असे तशी.

"गुरुवारपर्यंत बघते," वहिनी म्हणाली.

ता. १२, मंगळवार

संक्रांत. चाळीत कोणी तिळगूळ वाटला नाही. वहिनीने दोनदा माझ्या कपाळाला हात लावला. थंड.

ता. १३, बुधवार

थंड. कुशाबाला हे सांगितले. म्हणाला, "ओळ घालायला तुला पाव घटका लागली. काढायला बघ." मग त्याने एक केले — पंत जेवायला गेले असता उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि शाई पुसायच्या चिंध्यांत घालून टाकला. मी आभार मानायला गेलो तर म्हणाला, "चल, काम कर."

ता. १४, गुरुवार

खाल्ले! वहिनीने आज खाल्ले!

पहाटे माझे कपाळ पाहिले, काखा मलाच चाचपायला लावल्या, मग चुलीशी बसली. उरलेली कोथिंबीर फडक्यात होती, जरा कोमेजलेली. खोबरे, मिरची, लसूण घालून वाटली. भाकरीवर घेऊन पहिला तुकडा तोंडात घातला, आणि रडू लागली. रडत रडत दोन भाकऱ्या खाल्ल्या. दादाने तिसरी भाजली, वेडीवाकडी.

घरभर तो वास. मी जिन्यात जाऊन बसलो. वास तितकाच घाण आहे. तरी बसून राहिलो, आणि आत ती दादाला सांगत होती ते ऐकले — "हललं हो. आत्ता हललं, जोरात."

ता. १६, शनिवार

आज दादा वहिनीला थळला पोचवायला गेला. बाळंतपणाला तिला जायचेच होते. आता चाळीतून रोज कोणालातरी इस्पितळात उचलून नेतात, म्हणून लवकर. भाऊच्या धक्क्यावर डॉक्टर एकेकाची नाडी पाहत होता. वहिनीला लगेच सोडले.

होडीत पाय ठेवण्याआधी वळून म्हणाली, "भावजी, बारशाला याल ना? तुमच्यापुरती आमटी वेगळी ठेवीन."

मी मान हलवली. डोके दुखत होते. उन्हाने असेल. दादा मंगळवारी परत येतो.

ता. १७, रविवार

पहाटेपासून ताप. डाव्या काखेत गाठ, सुपारीएवढी. अंथरूण जाळले. गुणवंतीकाकूंना दारातूनच सांगितले — खोलीत उंदीर मेला आहे, दादाला आत जाऊ देऊ नका. आणि मी पंतांच्या कामाला पुण्याला जातो, असेही सांगितले. चालवते आहे तोवर इस्पितळात जातो. तिथे नाव दुसरे सांगेन.

गाठ कोथिंबिरीने येत नाही. मला पक्के ठाऊक आहे. पण वहिनीला कळले, तर ती पुन्हा खाणे टाकील. आणि पुन्हा खाऊन दाखवायला मी नसेन.